गोंगाट वजा केल्यावर

मीना अब्दुल्लाच्या रिफायनरीत
भर उन्हाळ्यात पाइपांना कोट घालतात.
आत पोलाद, त्यावर रॉकवुल, त्यावर पत्रा,
तोंड पाहून भांग पाडावा इतका चकचकीत.
रात्री समुद्राकडून दमट हवा येते,
पत्र्याच्या सांध्यांतून आत शिरते
आणि कुठेतरी पाणी मुरतं.
गावी हे बोलण्यापुरतं म्हणतात.
इथे याचा मला पगार मिळतो.

कोट न उतरवता सांगायचं, पोलाद किती उरलंय.
पत्र्यावर कॉइल टेकवायची,
प्रवाह द्यायचा,
झटकन तोडायचा,
मग कान द्यायचा.
जाड भिंत ते गेलेलं चुंबकत्व घोळवत राहते
गालात खडीसाखर घोळवावी तसं.
झिजलेली भिंत गिळून मोकळी होते.
फरक मिलिसेकंदांचा.
त्या मिलिसेकंदांवर सोळा वर्षं
फहाहीलच्या खोलीचं भाडं भरतोय.

जुनं यंत्र घाबरट होतं.
पंप लागला की थरथरे,
पलीकडून क्रेन गेली की थरथरे.
मग चार शुक्रवार बिर्याणी बुडवून
मी दोन सेन्सर एका दांडीवर बसवले,
एक पाइपलगत, एक वीतभर वर,
आणि एकातून दुसरा वजा केला.
पंप, क्रेन, खुद्द पृथ्वी,
लांबचं सगळं दोघांना सारखंच ऐकू येतं,
म्हणून कटतं.
उरतं ते जवळचं.
हातिम इंजिनिअर म्हणाला, मुमताझ!
आणि फोटो काढून वर पाठवला, स्वतःच्या नावाने.

तरी रेघेला मधूनच पोक यायचं.
केबल बदलली. बॅटरी बदलली.
यंत्राला शिव्या दिल्या, मराठीत, म्हणजे मनापासून.
तिसऱ्या दिवशी लक्षात आलं:
पोक येतं तेव्हा मुअज्जम परकार
दांडीशेजारी गुडघा टेकून बसलेला असतो,
डावा पाय पाइपाकडे.

खिशात काय आहे रे?
काय नाय.
बुटाच्या टोकात लोखंड नव्हतं, बूट मीच मागवलेले.
पट्टा सोडायला लावला. पोक तसंच.
मग मी सेन्सर हळूहळू त्याच्या पोटरीकडे नेला
आणि रेघ उभी राहिली.

त्याने आधी इकडेतिकडे पाहिलं.
लोट्याच्या वर्कशॉपात, म्हणाला, विशीत होतो.
छिन्नीवर घण बसला, ठिकरी उडाली ती आत गेली.
डॉक्टर म्हणाला, राहू दे, त्रास नाही तर राहू दे.
इथल्या मेडिकलला छातीचा एक्स-रे काढतात,
पोटरीचा कोण काढतो?
तुमी लिवू नका हां.

तांदळाच्या दाण्याएवढी असेल.
बावीस वर्षं, दोन देश, तीन कंपन्या,
बायकोलाही ठाऊक नाही.
आणि माझ्या चार शुक्रवारांनी ती बाहेर काढली.

मी लिहिलं:
लाइन क्रमांक, सपोर्टपासून दोन मीटर दहा,
मूळ जाडी साडेनऊ, उरलेली चार पूर्णांक एक,
पत्रा उघडून पाहणे.
उघडला तेव्हा गंज हातात आला, पापुद्र्या-पापुद्र्याने,
शिळ्या करंजीसारखा.
हातिमचा चेहरा उतरला. लाइन बंद झाली.
ठिकरीबद्दल मी काही लिहिलं नाही.

त्याला एवढंच म्हणालो, उद्या कधी
कुणी एमआरआयच्या खोलीत झोपव म्हणालं,
तर आधी सांगायचं. लाजायचं नाही. शप्पथ घे.
त्याने घेतली, उजवा हात पोटरीवर ठेवून,
आणि आम्ही दोघंही हसलो.

आता तो केबलच्या त्या टोकाला उभा असतो,
सहा मीटर लांब, उन्हात, तोंडाला फडकं बांधून.
रेघ सरळ येते.
पहिल्या सकाळी इतकी सरळ आली
की मी दोनदा वाकून पाहिलं,
यंत्र चालू तरी आहे ना.